पुसा नवरंगची वाइन आठ महिन्यांत विटकरी का झाली?

प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यात कुंभोजच्या बाजूला, डोंगराकडेच्या मुरमाड रानात दोघा भावांची दीड एकर पुसा नवरंग द्राक्षाची बाग आहे. ज्यूससाठी लावलेली, पण ज्यूसवाल्याने माल उचलायचं थांबवलं. मग गेल्या फेब्रुवारीत ६०० किलो माल एका परवानाधारक वायनरीत देऊन त्याची लाल वाइन करून घेतली. तिसऱ्या दिवशी रस शाईसारखा काळा-लाल, सगळे खूश. आठ महिन्यांनी टाकी उघडली तर रंग विटकरी, चव पाणचट आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा. तोडणीला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २० होता, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) ३.९. विचारणं दोन गोष्टींचं आहे: चुकलं कुठे, आणि ही जात दुर्मीळ आहे तर तिच्या जोरावर कोल्हापूर भागात स्वतःची छोटी वायनरी काढावी का?

तुमची वाइन आठव्या महिन्यात बिघडलेली नाही, ती तिसऱ्याच दिवशी बिघडली होती. मी हे टाकी न बघता सांगतोय, कारण रंगीत गराच्या द्राक्षाने मलाही असंच फसवलं आहे. ती गोष्ट पुढे येईल.

नेहमीचं काळं द्राक्ष घ्या, शरद म्हणा नाहीतर शिराझ. मणी दोन बोटांत दाबला की गर पांढरट-हिरवट, रस जवळपास बिनरंगाचा. रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइन करायची तर साल रसात दिवसचे दिवस भिजवावी लागते, आणि रंग यायची वाट बघता बघता सालीतलं, बियांतलं टॅनिनही, म्हणजे तोंड आवळणारं तुरट द्रव्य, उतरत जातं. वाइन करणाऱ्याच्या डोळ्याला सवय अशी लागते की रंग पुरेसा दिसला म्हणजे बाकीचंही उतरलं असणार. नवरंगमध्ये हा हिशोब मोडतो, कारण तिचा गरच रंगीत. क्रशरखालची पहिली बादली भरते तीच जांभळी. तोडणीला आलेल्या बायकांचे हात धुऊनसुद्धा दोन दिवस जांभळे राहतात, ते तुम्ही दरवर्षी बघताच. तिसऱ्या दिवशी रस काळा दिसला यात वायनरीच्या माणसाचं कर्तृत्व काही नव्हतं, तो पहिल्या तासालाही काळाच होता. त्याने सवयीने रंग बघितला, ‘झालं’ म्हणाला आणि प्रेसला लावलं. टॅनिन तेव्हा सालीत आणि बियांतच बसून होतं. ते चोथ्याबरोबर खतात गेलं.

टॅनिन नसलं तर चव पाणचट होते, हे जिभेला कळतं. पण रंगाचंही भवितव्य त्याच्याच हातात असतं हे पटकन लक्षात येत नाही. द्राक्षातला लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, एकटा फार दिवस टिकत नाही. हवा, उष्णता, वेळ यांनी तो तुटतो, काही गाळात बसतो. टॅनिनशी जोडला गेला की मात्र तो वर्षानुवर्षं राहतो. इचलकरंजी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या कुठल्याही प्रोसेसवाल्याला विचारा. कापड रंगात बुडवून काढलं की रंगलं असं तो म्हणणार नाही. धुतल्यावर काय उरतं ते बघेल. नवरंगचा रंग भरपूर आहे, पण तो कच्चा रंग आहे. तो पक्का करणं हे तुमचं काम होतं, आणि ते राहून गेलं.

आता पीएचकडे येऊ. ३.९ हा आकडा वाचून मी कपाळाला हात लावला. घरी एक प्रयोग करा. पुढच्या हंगामात नवरंगच्या रसाचे चार-चार थेंब दोन वाट्यांतल्या पाण्यात टाका. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा. लिंबवाली वाटी कोकमाच्या सरबतासारखी लालभडक होईल, सोड्याची निळसर-हिरवट. म्हणजे रंगद्रव्य तेच, आंबटपणा बदलला की त्याचं रूप बदलतं. ३.९ ला वाइन आधीच जांभळ्याकडे झुकलेली असते, लाल झळाळी गेलेली. पण गरच इतका गडद की टाकीत वरून बघणाऱ्याला काळ्यात जांभळं काय आणि लाल काय, सगळं सारखंच. शिराझ असती तर वायनरीतल्या माणसाने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं असतं.

शिवाय पीएच चढला की वाइन टिकवायला घालतात तो सल्फर डायऑक्साइड दुबळा पडतो. ३.५ ला मोकळा सल्फर डायऑक्साइड २५ पीपीएम असला तर जंतूंना जेवढा धाक बसतो, तेवढ्यासाठी ३.८ ला जवळजवळ ५० लागतो. ३.९ ला त्याहून जास्त. तुमच्या वाइनला ठरलेल्या मापाने पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (ज्यातून हा सल्फर डायऑक्साइड निघतो ती पावडर) घातलं असणार, ते मापच या पीएचला अपुरं. त्यात आणखी एक. ६०० किलो मालातून लाल वाइन फार तर ३९० ते ४०० लिटर निघते. ती तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या ५०० लिटरच्या टाकीत आठ महिने होती. वरचे शंभर लिटर काय होतं? हवा. सफरचंदाचा वास तिथून आला. वाइनची साठवण लोणच्याच्या बरणीसारखी नसते, की वर बोटभर तेल सोडलं आणि झालं. तिला भांडं काठोकाठ लागतं. नाहीतर खालीवर सरकणाऱ्या झाकणाची टाकी घ्यायची. तेही नसेल तर नायट्रोजन सोडायचा, आणि तोही एकदा सोडून विसरायचा नाही.

तो ३.९ आला कुठून, हे मात्र वायनरीत शोधू नका. तुमच्या ठिबकच्या टाकीत शोधा. आपल्याकडचा खायच्या द्राक्षांचा शेतकरी पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, गोडी वाढावी म्हणून झिरो झिरो पन्नास हे पोटॅशचं खत सोडतो, पानांवरूनही मारतो. बेदाण्याला, बाजारच्या मालाला ते ठीक असेल. वाइनच्या द्राक्षात जादा पोटॅश मण्यात साठतं, रसातल्या टार्टारिक आम्लाला धरून त्याचं मीठ करून टाकतं, आणि पीएच वर चढतो. तळाला साखरेसारखे चकाकणारे खडे सापडले असतील, ते हेच मीठ. पानांच्या देठांचं परीक्षण करून घ्या आणि पोटॅश गरजेपुरतंच द्या. जिब्रेलिक ॲसिड तर या बागेला दाखवूसुद्धा नका. मणी फुगवून आपल्याला काय करायचंय? लहान मणी म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि आपल्याला साल हवी आहे.

तोडणीबद्दल. नवरंगला रंग पाणी उतरतानाच येऊ लागतो आणि बाग तयार व्हायच्या कितीतरी आधी घड काळेभोर दिसतात. व्यापाऱ्याच्या नजरेने बघितलं तर माल तयार. तुमचा ब्रिक्स २० म्हणजे साधारण साडेअकरा टक्के अल्कोहोल, बारीक अंगाची, तोंडात पातळ लागणारी वाइन. ब्रिक्समीटर खिशात असू दे, पण त्याच्यासोबत बी चावून बघायची सवय लावा. वीस-पंचवीस झाडांवरून, मांडवाच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या बाजूने मणी घ्या, गर थुंका आणि बी दाताखाली फोडा. बी हिरवट, चिवट आणि तोंड आवळणारं असेल तर अजून थांबा. तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखं कुरकुरीत फुटलं की मग पीएच बघा आणि क्रेट मागवा. मात्र साखरेच्या मागे लागून पीएच हाताबाहेर जाऊ देऊ नका. ही जात लवकर पिकते हा आपल्या भागात तिचा खरा फायदा आहे. मार्चमध्ये दुपार पस्तिशीच्या वर गेली की आम्ल झपाट्याने उतरतं. फेब्रुवारीत, थंड पहाटे तोडलेला माल तुमच्या हातात असतो. सकाळी नऊच्या आत तोडणी संपवा आणि क्रेट ताडपत्रीखाली नको, झाडाखाली ठेवा.

छाटणी कधी, हा कोल्हापूरकरांचा कायमचा पेच. तासगाव, पलूसला जी तारीख चालते ती तुम्हाला चालेलच असं नाही. तुमच्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये अजून एखादा तडाखा देतो, आणि कोवळ्या फुटीवर तो पडला की डावणी हा बुरशीचा रोग. नवरंग करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही हे खरं, पण डावणी आणि भुरी वेगळी. काढणीच्या आधी महिनाभर गंधकाची फवारणी थांबवा. सालीवर राहिलेलं गंधक आंबवताना यीस्टच्या हाती लागलं की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता माझी गोष्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी एका छोट्या वायनरीसाठी रंगीत गराच्या जातीची हजारेक लिटर वाइन केली. टॅनिन भरपूर उतरवलं होतं, पीएच ३.५, नाक-जीभ सगळं झकास. टाकी कोल्हापुरातच एका वर्कशॉपमधून बनवून घेतली होती. स्टेनलेस स्टीलचं काम सुरेख, वेल्डिंग आरशासारखं. फक्त खालच्या व्हॉल्व्हमध्ये कारागिराने एक साधा लोखंडी बोल्ट आणि वॉशर वापरला होता, बहुतेक हाताशी होता म्हणून. सात महिने वाइन त्या लोखंडाला धुत राहिली. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की काय होतं हे आपल्या पणजोबांना ठाऊक होतं. हिरडा आणि हिराकस उकळून ते शाई करायचे. माझ्या टाकीत तेच चाललं होतं. साधी वाइन असती तर निळसर-काळी गढूळी पहिल्याच नमुन्यात दिसली असती. ही वाइन मुळातच इतकी गडद की पेल्यात धरून काही कळेना. बाटल्या भरल्या. दीड महिन्याने एका हॉटेलमालकाने बाटली उलटी करून तळाशी बसलेली काळी साय दाखवली आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, हे प्यायचं की ह्यानं लिहायचं?” तीनशेच्या वर बाटल्या परत आल्या.

तेव्हापासून गडद वाइनचा नमुना मी कधी पेल्यात बघून सोडत नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत चमचाभर पसरवायचा, बशी तिरकी करायची आणि काठाला, जिथे थर कागदासारखा पातळ होतो, तिथे बघायचं. तिथे रंग खोटं बोलत नाही. काठ माणकासारखा लाल असेल तर ठीक, विटकरी असेल तर ऑक्सिडेशन, निळसर असेल तर पीएच किंवा लोखंड. दुसरी परीक्षा याहून सोपी. अर्धा पेला वाइन रात्रभर उघडी ठेवा. सकाळी तपकिरी होऊन गढूळ झाली असेल तर तिच्यात बाटलीत जायची ताकद नाही. तिसरी, एक बाटली फ्रीजमध्ये आठवडाभर. तळाला रंगाचा जाड थर बसला तर तो रंग अजून कच्चा आहे. या तिन्ही गोष्टींना लॅब लागत नाही. लॅबला पाठवायचं ते पीएच, आम्ल, मोकळा आणि एकूण सल्फर डायऑक्साइड, व्होलाटाइल ॲसिड (व्हिनेगरसारखं उडून जाणारं आम्ल) आणि, माझ्यासारखे दुधाने पोळलेले असाल तर, लोह.

पुढच्या हंगामात काय करायचं ते सांगतो. पुन्हा ६०० किलोच करा, जास्त नको. पण एकाच टाकीत नको. दोन-दोनशे किलोचे तीन भाग करा, फूड ग्रेड प्लॅस्टिकच्या रुंद तोंडाच्या पिंपांत. परवानाधारक वायनरीच्या छताखालीच करा. घरी केलेली वाइन कितीही हौसेची असली तरी परवान्याशिवाय ती आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखाली येते, आणि हौसेपोटी केस अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

पहिला भाग नुसती नवरंग, पण सालीवर दहा ते बारा दिवस. देठ सगळे काढा. रसाचा पीएच मोजून आंबवायच्या आधीच टार्टारिक ॲसिड घाला. लिटरला एक ग्रॅमने साधारण ०.१ पीएच उतरतो असं धरून चला, पण पोटॅश जास्त असलेल्या रसात तेवढा उतरत नाही. म्हणून एकदम न ओतता अर्धं घालून, ढवळून, पुन्हा मोजा. ३.५ ते ३.६ च्या मध्ये आणा. द्राक्ष फोडतानाच वाइनसाठी मिळणारं टॅनिन दर शंभर लिटरला २० ते ४० ग्रॅम घाला. हे पहिल्या दिवशीच. शेवटी घातलं तर चवीला येईल, रंगाला जोडायला तितकं उपयोगी पडणार नाही. वर तरंगणाऱ्या सालींचा थर दिवसातून तीनदा बुडवा, तोही हाताने नको, स्टीलच्या जाळीच्या दांड्याने. तापमान २५ ते २८ ठेवा. पस्तिशीला गेलं की यीस्ट मान टाकतं आणि साखर अर्ध्यावर अडकते. अडकलेलं आंबवण पुन्हा चालू करणं म्हणजे बसलेल्या म्हशीला उठवणं. गार करायला महागडा चिलर पहिल्या वर्षी घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात दूध संकलनाचे जुने बल्क कूलर विकायला निघतात. स्टेनलेसचे असतात, थंड करणं हेच त्यांचं काम. रस रात्रभर गार ठेवायला किंवा गार पाणी फिरवायला त्यांच्यासारखी स्वस्त सोय नाही. फक्त रबरी वॉशर बदला, नाहीतर वाइनला दुधाचा वास.

रोज चव घ्या. चवथ्या-पाचव्या दिवशी वाटेल की काही बदलत नाही. हिरड्यांना पकड जाणवायला लागली, जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं आवळतं तशी, की त्यानंतर दोन दिवसांनी प्रेस करा. रंगाकडे ढुंकून बघू नका. मी तर शिकाऊ पोरांना या दिवसांत डोळे मिटूनच चाखायला लावतो.

दुसरा भाग तसाच, पण तिसऱ्या दिवशी प्रेस. म्हणजे तुमचीच जुनी चूक मुद्दाम पुन्हा करायची. पीएच आणि भांडं सुधारून फक्त दिवस कमी ठेवले तर काय होतं ते त्याशिवाय कळणार नाही. हा भाग फुकट जात नाही, हलकी आणि थंड करून प्यायची वाइन म्हणून तो सहा महिन्यांत विकता येतो. आणि खरं सांगू, मला नवरंगची ही बाजूही आवडते. सगळ्याच लाल वाइनला दहा वर्षं पिंपात झोपवायची गरज नसते.

तिसऱ्या भागात चौथा हिस्सा शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यों मिसळा, आणि आंबवून झाल्यावर नको, फोडतानाच. सांगली जिल्ह्यात वाइनची द्राक्षं लावणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडून ५० किलो मिळेल. साली आणि बिया त्यांच्या, रंग तुमचा, आणि दोघांची गाठ आंबतानाच पडते. अडचण एवढीच की नवरंग आधी पिकते, कॅबरने मागून. पण पिकायची वेळ छाटणीच्या तारखेवर हलवता येते ही आपल्या उष्ण भागाची मेहेरबानी आहे. फ्रान्सवाल्याला ती नाही. शिराझवाल्याची छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीची असेल आणि तुमच्या पाच-सहा ओळी थोड्या उशिरा छाटल्या तर दोन्ही माल एका आठवड्यात येऊ शकतात. सगळी बाग मागे नेऊ नका, तेवढ्याच ओळी.

तिन्ही भाग आंबवून झाले की मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं, पूर्ण होऊ द्या, झालं की नाही ते तपासून घ्या, आणि मगच सल्फर डायऑक्साइड घाला. पीएच मोजून, छापील मापाने नाही. पहिल्यांदा गाळावरून काढताना वाइन थोडी हवेतून पडू द्या. टॅनिन आणि रंग जुळायला त्या वेळी थोडा प्राणवायू लागतो. त्यानंतर मात्र हवा बंद आणि भांडं काठोकाठ. २२५ लिटरचं ओकचं पिंप घेऊ नका. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ते वाइन पिऊन टाकतं आणि दर आठवड्याला भर घालायला तुमच्याकडे जादा वाइनच नाही. ओकच्या पट्ट्या टाकीत सोडा, काम होतं.

आता दुसरा प्रश्न, दुर्मीळपणाचा. नवरंग दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तयार झाली, मॅडेलीन अँजेव्हिन आणि रूबी रेड यांच्या संकरातून. मॅडेलीन ही फ्रान्सची लवकर पिकणारी पांढरी जात, रूबी रेड रंगीत गराची. लवकर पिकणं आणि रंग, दोन्ही घराण्यातून आलंय. पुढे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने नवरंगचा फ्लेम सीडलेसशी संकर करून ज्यूससाठी मांजरी मेडिका काढली. म्हणजे जात नवखी नाही, संशोधकांना ठाऊक आहे, ज्यूससाठी लावलेलीही आहे. वाइनच्या बाटलीवर एकटीचं नाव मात्र क्वचित दिसतं, कारण नेमकं हेच: रंग उदंड, अंग कमी. जगभर अशा जातींचा वापर आधी दुसऱ्या वाइनला रंग चढवायलाच झाला. फ्रान्समध्ये बूशे बापलेकांनी एकोणिसाव्या शतकात रंगीत गराचे संकर केले, त्यातली ॲलिकांते बूशे १८६६ च्या सुमाराची. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली तेव्हा घरी वाइन करायला ती रेल्वेने भरभरून जायची. साल जाड, प्रवासात टिकायची आणि चोथ्यात साखर-पाणी घालून दुसऱ्यांदा आंबवली तरी रंग यायचा. म्हणजे तिथेही रंगाने लोकांना पाणी विकलं. पण त्याच ॲलिकांतेची पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात आज भक्कम, टिकाऊ वाइन होते, आणि जॉर्जियाची सापेरावी तर रंगीत गराचीच असून आम्ल आणि टॅनिन दोन्हींत दणकट. तिच्या नावाचा अर्थच मुळी रंग असा आहे. त्यामुळे जातीला दोष देऊन मोकळं होता येत नाही. नवरंग सापेरावी नाही एवढं समजून तिच्याशी वागायचं.

दुर्मीळ नावावर बाटली विकली जाईल का? पहिली विकली जाईल. दुसरी चवीवर. कोल्हापुरात ‘वाइन शॉप’मध्ये जाऊन लाल वाइन मागितली की दुकानदार आधी गोड पोर्ट पुढे करतो, आणि गिऱ्हाइकाची लाल वाइनची कल्पनाही बऱ्याचदा तीच असते. काळाकुट्ट रंग बघून तो ‘कडक असणार’ म्हणेल आणि घोट घेतल्यावर कोरडी, आंबट लागली की तोंड वाकडं करेल. तांबड्या रश्श्याबरोबर वाइन जाते का, हेही तुम्हाला रोज विचारतील. जाते, पण टॅनिनने भरलेली नाही. तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. त्या ताटाला तुमचा तो दुसरा, तीन दिवसांचा भाग, गार करून, जास्त जुळेल. गिऱ्हाईक जेवताना गाठा, दुकानात नाही.

वायनरी लगेच बांधू नका. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले, आणि तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आधी शेड, टाक्या, कर्ज आणि मग गिऱ्हाईक अशा क्रमाने उड्या घेतल्या. २००८ नंतरच्या मंदीत त्यातल्या बऱ्याच टाक्या रिकाम्या पडल्या, आणि ज्यांनी कॅबरने लावली होती त्यांच्या बागांवर कुऱ्हाड चालली. मी त्या काळात पगार सहा-सहा महिने थकलेला माणूस आहे, म्हणून हात जरा आखडताच ठेवतो. तुमच्या दीड एकरात वाइनच्या हिशोबाने एकरी चार-साडेचार टन धरा. त्याहून जास्त घेतलं तर अंग आणखी बारीक. म्हणजे सहा-साडेसहा टन, साधारण चार हजार लिटर, पाच-साडेपाच हजार बाटल्या. एवढ्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, अन्नसुरक्षेचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, लेबलची नोंदणी, सांडपाण्याची सोय आणि कायम एक माणूस, हे सगळं तेवढंच लागतं जेवढं पन्नास हजार बाटल्यांना लागतं. तीन हंगाम दुसऱ्याच्या वायनरीत करून घ्या. नाव तुमचं, टाकी त्यांची. मात्र करारात लिहून घ्या की प्रेस कधी करायचं हे तुम्ही ठरवणार, आणि टाकी वाइनच्या मापाची मिळणार. या दोन ओळी गेल्या वर्षी असत्या तर हा प्रश्न आलाच नसता.

तिसऱ्या हंगामानंतर टाक्या करायच्या झाल्या तर शिवाजी उद्यमनगरात एकापेक्षा एक कारागीर आहेत, बाहेर जायची गरज नाही. वरचा भाग, जिथे सल्फर डायऑक्साइडची वाफ पत्र्याला लागते, तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, खाली ३०४ ग्रेड चालेल. आतून आर्गॉन वेल्डिंग. आणि टाकी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा खिशात एक लोहचुंबक घेऊन जा. प्रत्येक बोल्ट, वॉशर, व्हॉल्व्हच्या आतली स्प्रिंग, सगळ्याला लावून बघा. कारागीर हसेल, हसू दे.

राहता राहिली ती विटकरी वाइन. तिच्यात टॅनिन घालून, आम्ल घालून ती परत येणार नाही, तुटलेला रंग जोडला जात नाही. नवीन वाइनमध्ये थोडी थोडी खपवायचा मोह होईल, तो आवरा, नवीही जाईल. वायनरीला कायदेशीर मार्गाने विल्हेवाट लावू द्या. त्याआधी बारा बाटल्या भरून, तारीख आणि पीएच लिहून अंधाऱ्या कपाटात आडव्या ठेवून द्या. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तीन भागांचे तीन नमुने आणि ही जुनी, अशा चार बश्या मांडून मला काठाचा रंग कळवा. फोटो नको, मोबाइल सगळंच लाल दाखवतो. शब्दांत लिहा.